जामीनदार

इ. स. 1893 च्या मार्च महिन्यात पुण्यास धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई नावाच्या एका विधवेशी विवाह केला, आणि त्याचे वर्तमान कोकणात पोहोचताच त्यांच्या मुरूड गावच्या मंडळींनी सभा भरवून त्यांस बहिष्कृत ठरविले, ही हकीकत महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. सुधारणेच्या इतिहासातील एक ठरावीक प्रसंग म्हणून आपण ती वाचतो आणि पुढे जातो. मला मात्र त्या प्रसंगाचा एक तपशील कित्येक वर्षे सोडीत नाही. बहिष्कार एकट्या कर्व्यांपुरता असता तर त्याची धार फारशी लागती ना, कारण कर्व्यांचे बिऱ्हाड पुण्यास होते, चाकरी फर्ग्युसन महाविद्यालयात होती, मुरूडच्या पंक्तीतील पानावाचून त्यांचे काही अडत नव्हते. हे मुरूडकरांस चांगले कळत होते. म्हणूनच त्या निर्णयाचे खरे लक्ष्य होती ती गावातच राहणारी, ज्यांनी कोणताही अशास्त्रीय विवाह केला नव्हता अशी माणसे: कर्व्यांची आई व त्यांचे थोरले बंधू. मुलगा गावी आला आणि त्यास घरात घेतले, तर घरही वाळीत पडेल, असा तो बंदोबस्त होता. अपराध ज्याने केला असे सभेचे म्हणणे होते तो दूर होता. हाताशी होती ती त्याच्यावर माया करणारी माणसे, आणि सभेने हात घातला तो त्यांच्यावर.

माझे आयुष्य महसूल खात्यात गेले. तालुका कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, तेवढ्या अवधीत वसुलीची शेकडो प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. तगाई घेणारा कुळवाडी कर्ज थकवून मुंबईस गिरणीत निघून गेला तरी सरकारी बाकी बुडत नसे. जामीनकतब्यावर ज्याचा अंगठा असे त्याच्या नावे नोटीस निघे, मुदत संपे, आणि मग तलाठी व पंच त्याच्या दारात उभे राहत. रूढी स्त्रीला जे स्थान नेमून देते, किंवा पुरुषाला जे नेमून देते, त्याविषयी जो कोणी "हे असेच का?" म्हणून विचारतो, त्याच्याकडून समाज आपली किंमत कशी वसूल करतो याचा विचार करू लागलो की मला ही जामीनदारांची प्रकरणे आठवतात. प्रश्न विचारणारा माणूस बहुधा कठीण काळजाचा असतो. निंदेला, दारिद्र्याला, प्रसंगी तुरुंगालाही तो भीत नाही, आणि त्याला शासन करून काही निष्पन्न होत नाही हे समाजाला अनुभवाने माहीत असते. म्हणून वसुली होते ती त्याच्या आईकडून, बहिणीकडून, पत्नीकडून, लेकराकडून.

रखमाबाईंचा खटला या दृष्टीने पुनःपुन्हा वाचावा असा आहे. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. सासरी मात्र त्या कधी नांदल्या नाहीत. 1884 मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या प्रस्थापनेचा दावा लावला. पुढल्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी, जाणत्या वयात संमती न दिलेल्या स्त्रीस तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या स्वाधीन करता येणार नाही, अशा आशयाचा निकाल देऊन तो काढून टाकला. अपिलात तो निकाल रद्द झाला. आणि 1887 च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की एक महिन्याच्या आत पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. तुरुंग पत्करीन पण नांदावयास जाणार नाही, असे त्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षाच्या मुलीने उत्तर दिले. आपण हे उत्तर लक्षात ठेवतो, आणि ते ठेवण्याजोगेच आहे. परंतु त्या चार वर्षांत वृत्तपत्रांतून व प्रतिपक्षाच्या कथनांतून जो चिखल उडाला तो कोणाच्या अंगावर उडाला, हेही पाहिले पाहिजे.

रखमाबाईंच्या आई जयंतीबाई या पंधराव्या वर्षी माता आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. सुतार जातीत पुनर्विवाहास मज्जाव नव्हता, म्हणून काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन या नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञाशी दुसरे लग्न केले, आणि त्या वेळी पहिल्या पतीची मिळकत लेकीच्या नावे करून दिली. यात कोणाचा कोणता अपराध होता? तरी फिर्यादीच्या बाजूने जी कथा रचली गेली तिच्यात मुलीला स्वतःची इच्छा म्हणून नव्हतीच. होती ती मिळकतीच्या लोभाने मुलीला घरात अडकवून ठेवणारी आई आणि तिला साथ देणारे आजोबा. दुसऱ्या लग्नाची म्हणून आईच्या शीलाची चौकशी, मुलीला पुस्तके आणून दिली म्हणून सावत्र बापाच्या हेतूंची चौकशी. सखाराम अर्जुन तर खटल्याच्या ऐन आरंभीच, 1885 च्या एप्रिलात, वारले. टिळकांच्या पत्रांनी धर्म बुडाल्याची हाकाटी केली आणि स्त्रीशिक्षणाचीच ही फळे असा निष्कर्ष काढला, म्हणजे शाळेची पायरी अजून न चढलेल्या मुलीही त्या दाव्यात प्रतिवादी होऊन बसल्या. लोकमान्यांविषयी माझ्या मनात जो आदर आहे तो हे लिहिताना कमी होत नाही. पण त्या आदरासाठी हे लिहावयाचे टाळणे मला न्याय्य वाटत नाही.

रखमाबाईंनी 1885 मध्ये 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांविरुद्ध जी दोन पत्रे लिहिली ती 'एक हिंदू स्त्री' या सहीने लिहिली. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या नावाने, आणि लेखिका कोण याचा शोध घेण्यातच महाराष्ट्राचा अर्धा उत्साह खर्ची पडला. टोपणनाव घेणाऱ्या लेखिकेस आपण भित्री समजतो. पण आपल्याकडे स्त्रीच्या नावात तिच्या बापाचे वा नवऱ्याचे नाव आणि सगळ्या घराचे आडनाव गुंफलेले असते. स्वतःचे नाव छापावयाचे म्हणजे त्या सर्वांचे अंगठे त्यांना न विचारता कागदावर उमटवावयाचे. ते टाळण्यात भीतीपेक्षा माया अधिक असावी, असे मला वाटते.

1888 मध्ये रखमाबाईंच्या प्रकरणात तडजोड झाली. 2000 रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. त्या इंग्लंडला गेल्या, 1894 मध्ये डॉक्टर होऊन परतल्या, सुरतेस व नंतर राजकोटास अनेक वर्षे रुग्णसेवा केली आणि 1955 मध्ये मुंबईत निवर्तल्या. दादाजी 1904 मध्ये वारले. त्यानंतर या बाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले. ज्या पतीचे पतित्व नाकारण्यासाठी कारावास पत्करला होता त्याच्या मृत्यूचे चिन्ह अंगावर का वागवावे, असा प्रश्न तरुण वाचकांस पडतो, आणि काहींना त्यात पराभव दिसतो. मला तो दिसत नाही. सुरत-राजकोटच्या ज्या सोवळ्या घरांतून बाळंतपणासाठी बायका रुग्णालयात यावयाच्या होत्या, त्या घरांचे दार उघडणे या डॉक्टरीणबाईंना स्वतःच्या न्यायापेक्षा अधिक निकडीचे वाटले असेल, तर त्या पांढऱ्या वस्त्रामागे त्या अपरिचित बायका होत्या. मोठ्या प्रश्नासाठी भांडलेल्या माणसाला उरलेले आयुष्य लहान लहान सवलती देत काढावे लागते, आणि त्या सवलती बहुधा दुसऱ्या कोणासाठी दिलेल्या असतात.

हे सारे मी पुस्तकांतून शिकलो असे म्हणालो तर ते खरे होणार नाही. आमचे घर दापोली तालुक्यातले. आजोबांची भिक्षुकी आणि नारळी-पोफळीचे लहानसे आगर, त्यावर घराचा योगक्षेम चाले. माझ्या थोरल्या आत्याचे लग्न सोळाव्या वर्षी चिपळुणाकडे झाले होते. तिला मराठी सातवीच्या फायनल परीक्षेस बसावयाचे होते, सासरी ते मान्य नव्हते, आणि एके दिवशी ती ट्रंक घेऊन माहेरी आली व मी परत जाणार नाही म्हणाली. मारहाण नव्हती, सवत नव्हती, नवरा व्यसनी नव्हता. यांपैकी काही असते तर गावाने तिला पोटात घेतले असते. दुर्दैवाची शिकार झालेल्या बाईविषयी आपल्या लोकांस अपार करुणा असते. तिच्यापाशी सांगण्यासारखे दुःख नव्हते, नुसता नकार होता, आणि नुसत्या नकाराला आमच्या समाजाच्या दप्तरात नोंदीचे सदरच नव्हते. आजोबांनी तिला परीक्षेस बसविले. पुढे शिक्षिकेचे ट्रेनिंग घेऊन ती रत्नागिरीस मुलींच्या शाळेत लागली.

तिला कोणी वावगा शब्द बोलले नाही. आजोबांनाही कोणी बोलले नाही. फक्त त्यांची यजमानकृत्ये एकेक करून सुटू लागली. ज्या घरी दोन पिढ्या श्राद्धपक्षास आमचे माणूस जात असे तिथून, यंदा बाहेरगावचे गुरुजी येणार आहेत असा निरोप येई, आणि तो निरोप इतका नम्र असे की त्यावर भांडणही काढता येऊ नये. आजीला हळदीकुंकवाचे बोलावणे येई, पण सर्वांत शेवटी, दिवेलागण झाल्यावर. आणि धाकटी आत्या लग्नाची होती. स्थळे येत, मुलगी पसंत पडे, देण्याघेण्याचेही जमे, आणि आठ-पंधरा दिवसांनी कार्ड येई की पत्रिका जुळत नाही. आजोबा स्वतः ज्योतिष जाणणारे. पत्रिका जुळते की नाही ते त्यांना कळत नव्हते थोडेच! तरी ते प्रत्येक कार्ड दोनदा वाचून फडताळात ठेवून देत. अखेर तिला संगमेश्वराकडे एका बिजवरास दिली. त्याला पहिलीची दोन मुले होती आणि तिच्यापेक्षा तो पंधरा-सोळा वर्षांनी मोठा होता.

थोरली आत्या पगारातून दरमहा धाकटीला मनीऑर्डर पाठवी. धाकटी ती सही करून घेई, मुलांच्या फीला लावी, आणि पोचेचे कार्ड टाकी, ज्यात रक्कम मिळाली यापलीकडे बहुधा काही नसे. दोघींत वैर नव्हते. थोरलीने धाकटीच्या घरी जाऊ नये असे धाकटीच्या यजमानांचे मत होते, ते तिने कधी मोडले नाही. मी नोकरीनिमित्त त्या बाजूस बदलून गेलो तेव्हा धाकटीकडे जाणे-येणे वाढले. तोवर ती विधवा झाली होती, सावत्र मुले कर्ती होऊन तिला मायेने वागवीत होती, आणि मी एकदा धीर करून तिला थोरलीविषयी विचारले. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "तिचं काही चुकलं नाही हो. तिच्या जागी मी असते तर मीही आलेच असते निघून. पण मला कुणी विचारलं नव्हतं."

कचेरीत निदान अंगठा उमटविण्यापूर्वी कतबा वाचून दाखविण्याची रीत होती. धाकट्या आत्याचे वाक्य थोरलीवरचा आरोप नव्हते, हे तिच्या मुद्रेवरून मला स्पष्ट कळले. पण तो कोणावरचा आरोप होता हे तिलाही सांगता आले नसते, आणि रूढीचे सामर्थ्य नेमके तेथे आहे असे मला वाटते. कार्डे लिहिणारे सज्जन होते. यजमानकृत्ये काढून घेणारे पुढे आजोबांच्या आजारपणात पेज घेऊन आले. हुकूम कोणी दिला, कोणत्या तारखेस, कोणाच्या सहीने, याचा कागद शोधू गेल्यास सापडत नाही; आणि ज्या वसुलीचा कागद नाही तिच्यावर अपील कोठे करावे?

आणखी एक गोष्ट बोलावयास हवी, आणि ती बोलताना मन कचरते. जामीनदारांकडून वसुली करतो तो केवळ समाजच असे नाही. प्रश्न विचारणारा माणूसही आपल्या व्रतापायी तीच माणसे तारण ठेवतो. गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचे 'माझे पुराण' ज्यांनी वाचले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. विधवांसाठी आश्रम चालावा म्हणून कर्व्यांनी तो विधवाविवाहाच्या चळवळीपासून कटाक्षाने अलिप्त ठेवला. पालक बिथरले तर मुली येणार नाहीत, ही व्यवहाराची दृष्टी त्यात होती आणि ती खोटी नव्हती. पण परिणाम असा की पुनर्विवाहिता म्हणून बायांना स्वतःच्या पतीच्या आश्रमात मोकळेपणाने वावरणे कठीण झाले. ज्या कृत्याने सुधारणेला आरंभ झाला त्या कृत्याची साक्षात मूर्तीच तेथे अडचणीची ठरली. पुढे पतीने आयुष्याच्या विम्याची पॉलिसीही आश्रमास देऊन टाकली, तेव्हा मुलाबाळांच्या भवितव्याची काळजी एकट्या बायांच्या वाट्यास आली, आणि ती त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिली आहे. अण्णासाहेब कर्व्यांचे थोरपण मला शिरोधार्य आहे. परंतु त्या थोरपणाचा जमाखर्च मांडताना बायांचे नाव कोणत्या रकान्यात घालावयाचे हे आपण अजून ठरविलेले नाही.

त्या लग्नाच्या वेळी कर्व्यांचा पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. बापाने केलेल्या एका प्रश्नाची किंमत घरातल्या सर्वांनी कशी भरली हे पाहतच तो मोठा झाला, आणि तरी त्याने बापापेक्षाही अवघड प्रश्न विचारला: अपत्य किती व केव्हा व्हावे हे स्त्रीने ठरवू नये का? 1921 मध्ये रघुनाथ कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. 1925 मध्ये त्या कार्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली. 1927 च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत, अश्लीलतेचे खटले व दंड सोशीत, चालविले. मूल होऊ द्यावयाचे नाही असे पतिपत्नींनी मिळून ठरविले होते. या निर्णयाकडे मी त्यांच्या मताचा एक भाग म्हणून पाहत असे. आता त्यात मला आणखीही काही दिसते. अकराव्या वर्षी न विचारता जामीन ठरलेल्या मुलाने आपल्या मागे नवा जामीनदार जन्मासच येऊ दिला नाही. आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई? त्यांनी संसार चालविला, मासिकाचा भार उचलला, वांझ म्हणून जे ऐकावे लागते ते ऐकले. पण त्या ज्या कतब्यात सामील झाल्या तो त्यांनी वाचला होता. धाकट्या आत्याच्या आणि मालतीबाईंच्या आयुष्यात कष्ट कोणाचे अधिक हे ठरविता येणार नाही. एकीला विचारले होते, दुसरीला नव्हते, एवढा भेद मात्र मला फार मोठा वाटतो.

याहून निराळे असे काही जामीनदार असतात की ज्यांचे त्या प्रकरणात कोणतेही नाते नसते आणि जे आपण होऊन पुढे येतात. 1934 मध्ये 'समाजस्वास्थ्य'वर दुसरा खटला झाला तेव्हा कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. ज्यांच्या शिरावर साऱ्या अस्पृश्य समाजाचा भार होता, ज्यांच्या शत्रूंची संख्या आधीच मोजण्यापलीकडे होती, त्यांनी कामविषयक प्रश्नोत्तरे छापल्याच्या आरोपावरून उभ्या असलेल्या एका संपादकाचे वकीलपत्र घेण्याने स्वतःस काय मिळणार होते? खटला हरला, दंड झाला. रखमाबाईंनाही असे लोक भेटले: काशीनाथ त्र्यंबक तेलंगांसारखे वकील, मलबारींसारखे संपादक, एल्फिन्स्टनचे प्राचार्य वर्ड्स्वर्थ. ही माणसे आली म्हणून आई-आजोबांवरील चिखल धुतला गेला असे नाही. पण ज्या बाकीचा सर्व बोजा एका घरावर होता तिच्यात परक्या घरांनी आपले हिस्से टाकले, आणि तेवढ्याने ते घर उभे राहू शकले.

थोरल्या आत्याला रत्नागिरीस प्रथम जागाच मिळेना. कुमारिका नाही, विधवा नाही, नवरा असून नवऱ्याजवळ नाही, अशा बाईला बिऱ्हाड द्यावयास आमच्या जातीची चार-पाच घरे राजी झाली नाहीत. शेवटी एका भंडारी विधवेने आपल्या घराची पडवी व एक खोली तिला दिली. ती बाई निरक्षर होती, नारळ विकून गुजराण करी. थोरली तेथे ती बाई वारेपर्यंत राहिली, आणि भाडे पहिल्या वर्षी जे ठरले होते ते बाईंनी शेवटपर्यंत वाढविले नाही. गौरीगणपतीस बाईंचे पुतणे आपल्याकडे का येत नाहीत असे आत्याने एकदा विचारले, तेव्हा त्यांना मुंबईहून रजा मिळत नाही असे उत्तर मिळाले होते, आणि ते तिने खरे मानले. आमच्या चुलतीने नवऱ्याच्या घरी न नांदणारी बामणाची बाई घरात ठेवली म्हणून आम्ही येणे सोडले होते, हे त्या पुतण्यांपैकी एकाने आत्याला सांगितले ते बाईंच्या तेराव्यास.